सुहृत्संमित उपदेश : लोकारोग्य आणि लोककला

1

भारतीय वाङ्मयाच्या संस्थात्मक इतिहासात 1954 हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी 12 मार्च रोजी दिल्लीत साहित्य अकादमीचे विधिवत उद्घाटन झाले. त्याच वर्षी, त्याच शहरात, आकाशवाणीच्या आश्रयाने ‘गीत व नाटक विभाग’ सुरू झाला; 1960 मध्ये त्याला माहिती व नभोवाणी मंत्रालयाचा स्वतंत्र विभाग म्हणून मान्यता मिळाली. पहिल्या संस्थेकडे वाङ्मय आले आणि दुसरीकडे प्रचार आला. कीर्तन, पोवाडा, भारूड, कठपुतळी, कव्वाली, नौटंकी या साऱ्या प्रयोगकलांमधून सरकारच्या योजना, विशेषतः कुटुंबनियोजन आणि आरोग्य, खेडोपाडी पोहोचवाव्यात हा दुसऱ्या संस्थेचा उद्देश होता. ही विभागणी प्रशासनाच्या सोयीसाठी झाली असली, तरी समीक्षेनेही ती जशीच्या तशी स्वीकारली. अमुक हे साहित्य, तमुक हा प्रचार, असे एकदा ठरले की दुसऱ्या राशीतील रचनांकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहण्याचे कारण उरत नाही.

मराठीत या भूमिकेला तात्त्विक बळ मिळाले ते आधीपासूनच चालू असलेल्या वादांमुळे. फडके-खांडेकरांच्या काळातील ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ या वादात बोध हा कलेच्या बाहेरून आत येणारा पदार्थ मानला गेला. त्याला आत घ्यावे की न घ्यावे एवढाच प्रश्न होता. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह अधिक कठोर केला. पुढे साठोत्तरी आणि दलित साहित्याच्या चर्चेत बांधिलकीची संकल्पना आली, तेव्हा प्रचाराचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला खरा. पण तो मुख्यतः कविता, कथा आणि आत्मकथन यांच्या संदर्भात. हात धुवावेत, पाणी गाळून प्यावे, मुलाला लस टोचावी, मुलीच्या जन्माचे दुःख करू नये, असे सांगणाऱ्या रचनांना वाङ्मयाच्या चर्चेत जागा कोणती, हा प्रश्न मात्र सहसा विचारला गेला नाही.

वस्तुतः भारतीय काव्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगितलेल्या काव्यप्रयोजनांत ‘शिवेतरक्षती’ म्हणजे अशुभाचा नाश हे एक प्रयोजन आहे, आणि त्याचे उदाहरण म्हणून दिला जाणारा मयूर कवी परंपरेनुसार सूर्याच्या स्तुतिकाव्याने व्याधिमुक्त झाला. या आख्यायिकेचा शब्दशः अर्थ घेण्याचे कारण नाही. काव्य आणि आरोग्य यांचा संबंध शास्त्रकाराला विजोड वाटला नाही, एवढे तिच्यावरून दिसते. मम्मटाचा दुसरा विचार येथे अधिक महत्त्वाचा आहे. उपदेशाचे तीन प्रकार परंपरेने मानले : स्वामीच्या आज्ञेसारखा तो प्रभुसंमित, मित्राच्या सल्ल्यासारखा तो सुहृत्संमित आणि प्रियेच्या बोलण्यासारखा रसमय तो कान्तासंमित. वेदादी शास्त्रांचा उपदेश पहिल्या प्रकारचा, इतिहास-पुराणांचा दुसऱ्या आणि काव्याचा तिसऱ्या. अभ्यासकांनी पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांतील विरोधावर पुष्कळ लिहिले. मधला सुहृद मात्र दुर्लक्षित राहिला. लोकारोग्याच्या संदर्भात या मधल्या प्रकाराचाच विचार करावा लागतो. कारण आज्ञा पाळण्यासाठी भय पुरते, रसास्वादासाठी सहृदयता पुरते, पण सल्ला मानण्यासाठी विश्वास लागतो. हा विश्वास रचनेत कसा निर्माण होतो, हा वाङ्मयीन प्रश्न आहे.

2

प्रभुसंमित उपदेशाचे आरोग्यक्षेत्रातील टोक महाराष्ट्राने 1897 मध्ये अनुभवले. प्लेगच्या साथीत त्या वर्षी साथीच्या रोगांविषयीचा कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या अधिकाराखाली लष्करी शिपाई घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. रुग्णाला अलग ठेवणे हा उपाय वैद्यकीय दृष्ट्या चुकीचा नव्हता. पण तो सांगणाऱ्याच्या हातात बंदूक होती. त्याच वर्षी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होत्या आणि त्या रोगानेच 10 मार्च रोजी त्यांचा अंत झाला. रुग्ण घरातून हलवला पाहिजे, ही गोष्ट दोन्हीकडे समान होती. पहिल्या ठिकाणी तिचा परिणाम जून महिन्यातील रँडच्या हत्येपर्यंत गेला. दुसरीची आठवण लोकांनी शतकाहून अधिक काळ जपली. आशय एकच असतानाही उपदेशाचे भवितव्य सांगणाऱ्याच्या स्थानावर कसे ठरते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

स्वातंत्र्यानंतर बंदूक गेली, परंतु आज्ञार्थी क्रियापद गेले नाही. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि त्याची घोषवाक्ये भिंतीभिंतींवर पोहोचली. गीत व नाटक विभागाची कलापथके गावोगाव फिरली. या पथकांतील कलावंत अनेकदा कसलेले होते. लोकपरंपरेत वाढलेले होते. उणीव त्यांच्या कलेत नव्हती. संहिता मात्र वरून येत असे, आणि तिच्यात श्रोत्याचा वाटा शेवटी मान डोलावण्यापुरता असे. वगातील सोंगाड्या आधी शंका काढी आणि शेवटी अधिकाऱ्याचे म्हणणे पटल्याचे सांगे. ज्या तमाशात सोंगाड्याने राजाची फजिती करावी, त्याच तमाशात सोंगाड्याची फजिती होऊ लागली. हा केवळ आशयातील बदल नव्हता. रूपबंधाचा कणाच त्यामुळे मोडला.

या पोकळ झालेल्या विश्वासाची परीक्षा आणीबाणीत झाली. एप्रिल 1976 मध्ये दिल्लीत तुर्कमान गेट परिसरातील घरे पाडली गेली, त्याच्या शेजारीच दुजाना हाऊस येथे नसबंदीचे शिबिर चालू होते. 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी हा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास घसरला. वीस वर्षे गीतांतून आणि नाटकांतून जे ‘पटवून’ दिले जात होते ते खरोखर किती पटले होते, याचा हिशेब या दोन आकड्यांत आहे. शब्द आणि सक्ती एकाच दारातून येतात असे लोकांना एकदा दिसले की शब्दही सक्तीचाच भाग ठरतो.

यानंतरचा दिल्लीतील उल्लेखनीय प्रयोग म्हणजे दूरदर्शनवरील ‘हम लोग’ ही मालिका. मेक्सिकोतील शिक्षणपर मालिकांच्या धर्तीवर कुटुंबनियोजनाचा संदेश देण्यासाठी तिची आखणी झाली आणि 7 जुलै 1984 पासून मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतून ती सुरू झाली. आरंभीच्या भागांतील उघड उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही. तो मागे सारून कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबाची ओढाताण, स्त्रियांची घुसमट, व्यसनाने होणारा घराचा नाश या गोष्टी पुढे आल्या, तेव्हा मालिका घराघरांत पोहोचली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत, तो आवाज घरातील वडीलधाऱ्याचा होता. लोकांनी मालिकेला लाखो पत्रे लिहिली. प्रभूचा आवाज सुहृदाच्या आवाजाकडे झुकल्याची ही घटना आहे. आणि तो का झुकला, तर उत्तर देण्याची वाट लोकांनी स्वतःच शोधून काढली म्हणून. मात्र पत्राला मालिकेत प्रवेश मिळेल की नाही, हे अखेरपर्यंत दिल्लीच ठरवीत होती.

3

सुहृत्संमित उपदेशाचे परिपूर्ण रूप मराठीत पाहायचे तर गाडगेबाबांच्या कीर्तनाकडे वळावे लागते. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचे जेवण घालण्याची जातीची रीत डेबूजींनी मोडली आणि गोड जेवण दिले, ही घटना त्यांच्या सर्व चरित्रांत येते. 1905 मध्ये त्यांनी घर सोडले. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जात असताना त्यांचे निधन झाले. मधल्या अर्धशतकात या निरक्षर माणसाने महाराष्ट्रभर जी कीर्तने केली, त्यांचा विचार प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या चरित्रकारांनी आस्थेने केला. तथापि त्या कीर्तनाच्या रूपबंधाची चिकित्सा मराठी समीक्षेने फारशी केलेली नाही. ‘साध्या भाषेत लोकांना पटेल असे बोलणे’ एवढ्यावर ती चर्चा थांबते. साधेपणाच्या मागे किती काटेकोर रचना होती, हे पाहिले पाहिजे.

नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात : पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात त्याला पोषक आख्यान. वारकरी कीर्तन एका अभंगाभोवती फिरते. गाडगेबाबांच्या कीर्तनात संतवचने येतात, नामाचा गजर येतो. पण त्याचा पूर्वरंग देवळात सुरू होत नाही. तो सकाळी गावाच्या उकिरड्यावर सुरू होतो. अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीचा तुकडा, डोक्यावर किंवा हातात फुटके गाडगे, असा हा अनोळखी माणूस गावात येई आणि कोणाला काही न सांगता खराट्याने रस्ते झाडू लागे. कोणी हसे, कोणी हटके, काही वेळाने कोणी हातभार लावी. रात्री कीर्तन उभे राहिले म्हणजे श्रोत्यांच्या लक्षात येई की दिवसभर आपली घाण काढणारा तो वेडगळ माणूस हाच. निरूपण आधीच होऊन गेलेले असे. रात्री उरे ते आख्यान, आणि त्या आख्यानातील पात्र म्हणजे श्रोते स्वतः. कीर्तनशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर खराटा हाच येथे पूर्वरंग आहे. उपदेशापूर्वी कृती, एवढाच त्याचा अर्थ नाही. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचे थोडे देणे लागते, ही जाणीव त्या कृतीने निर्माण होते, आणि सुहृदाच्या सल्ल्याला जी नैतिक बैठक लागते ती मिळते.

दुसरा घटक प्रश्नोत्तरांचा. गाडगेबाबा वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर आल्याखेरीज पुढे जात नसत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाही देता येईल असे, दुसऱ्याचेही तसेच, तिसऱ्या प्रश्नाशी येईतो श्रोत्याला कळून चुके की आधी दिलेल्या दोन होकारांनी आपण स्वतःच्याच चालीरीतीविरुद्ध कौल दिला आहे. नवसाचा बकरा, कर्ज काढून केलेले तेरावे, दारूची बाटली, मुलाला शाळेत न घालणे, तीर्थात घाण करणे हे सारे विषय या पद्धतीने येत. निष्कर्ष कीर्तनकार सांगत नसे. तो श्रोत्यांच्या तोंडून वदवला जाई. या संवादातील विनोद फार जपून वापरलेला आहे. हसू येते ते इतरांच्या अडाणीपणाचे नसून आपल्याच अडचणीचे. भारुडातील एकनाथांची परंपरा येथे वेगळ्या मार्गाने जिवंत झालेली दिसते : भारुडात सोंग घेऊन लोकांचा आवाज उचलायचा, तर येथे सोंग न घेता लोकांनाच आवाज द्यायचा.

या रूपबंधामुळेच गाडगेबाबांचे कीर्तन छापील पानावर अर्धे होते. 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून निदान एका कीर्तनाची लय तरी उरली. मजकूर वाचणाऱ्याला पुनरुक्ती जाणवते. ऐकणाऱ्याला तीच पुनरुक्ती ताल वाटते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे संहिता आणि प्रयोग यांतील भेद काटेकोरपणे केला पाहिजे. ज्या रचनेचा अर्धा भाग श्रोत्यांच्या गळ्यात आहे, तिचे मूल्यमापन उरलेल्या अर्ध्यावरून करणे अन्यायाचे ठरते.

तिसरा घटक निरपेक्षतेचा. आपल्याला गुरू नाही आणि शिष्य नाही असे ते म्हणत. पायाला हात लावू देत नसत. कीर्तन संपताच गाव सोडीत. देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण स्वतःकडे काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणारे कर्करुग्ण उतरतात. स्वच्छ राहा असे सांगणाऱ्याने राहण्याची जागाही उभी केली. या गोष्टीचा वाङ्मयाशी संबंध नाही असे वाटण्याचा संभव आहे. पण संबंध आहे, कारण कीर्तनातील शब्दाला या विटांचा आधार होता आणि श्रोत्यांना तो माहीत होता.

4

तरीही एक प्रश्न उरतो, आणि गाडगेबाबांविषयीच्या आदरापोटी तो टाळणे योग्य होणार नाही. घाणीचा दोष गावाच्या सवयींना द्यावा की गावाच्या रचनेला? ज्याच्या वस्तीला विहीरच नाही त्याला अंघोळीचा उपदेश करण्यात काय अर्थ? हा प्रश्न ज्या परंपरेने उघडपणे विचारला ती जलशांची. सत्यशोधक जलशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गण-गौळण-वगाचा साचा घेऊन त्यात पुरोहितशाहीची चिकित्सा भरली. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारू सोडा, स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, हे आरोग्याचेच संदेश या जलशांतून गेले. वरवर पाहता गाडगेबाबांच्या कीर्तनातील यादीहून ती यादी फार निराळी नाही. पण या यादीमागे 1927 चे महाड होते. पाण्याचा हक्क मागणाऱ्या समाजाने स्वतःला केलेला हा उपदेश होता. म्हणून ‘स्वच्छ राहा’ या वाक्याचा अर्थ बदलला. तो शिष्टाचाराचा धडा राहिला नाही, मानवी प्रतिष्ठेच्या लढ्यातील शिस्त झाला.

येथे समीक्षेच्या दृष्टीने एक सूक्ष्म भेद हाती लागतो. सुहृद दोन प्रकारचे असतात : बाहेरून येऊन आपला होणारा आणि मुळातच आपल्यातला. गाडगेबाबा पहिल्या प्रकारचे. त्यांना विश्वास दररोज नव्याने कमवावा लागे, म्हणून त्यांच्या रूपबंधात कृती आणि प्रश्न यांना एवढे महत्त्व. जलसाकारांवर तो प्रसंग नव्हता. ते श्रोत्यांच्याच वस्तीत राहणारे, त्याच अपमानाचे धनी. म्हणून त्यांना आपल्या माणसांवर रागावण्याचाही अधिकार होता, आणि जलशाच्या भाषेत जी धार आहे ती या अधिकाराची आहे. हीच भाषा सरकारी पथकाच्या तोंडी घातली असती तर ती उद्धट ठरली असती. तेव्हा भाषेची शैली ही शब्दांच्या निवडीपुरती गोष्ट नाही. बोलणाऱ्याचे श्रोत्यांशी असलेले नाते तिच्यात बसलेले असते.

1983 मध्ये स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उभे केलेले ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक याच दुसऱ्या परंपरेत बसते. ओवी, भजन, लोकगीत यांच्या चालीत मुलीच्या जन्मापासूनच्या उपेक्षेची कथा सांगणारे हे नाटक व्यावसायिक नटींनी केले नाही. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या बायकांनी वस्त्यांतून, चौकांतून केले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात 1988 मध्ये आणि देशपातळीवर 1994 मध्ये कायदा झाला. कायदा हा प्रभुसंमितच असतो आणि तो तसाच असावा. पण त्याच्या आधी आणि त्याच्या बरोबरीने मैत्रिणीच्या आवाजात तीच गोष्ट सांगितली जात होती, हे वाङ्मयेतिहासाने नोंदवले पाहिजे.

5

श्रोत्याने संहितेत कुठवर प्रवेश करावा, याचे सर्वांत धीट उत्तर एका लहानशा हिंदी पुस्तकाने दिले. ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक राजस्थानातील ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्यशिबिरांतून तयार झाले आणि 1989 च्या सुमारास दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’ या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने काढले. पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधन, आजार यांची माहिती चित्रांच्या साहाय्याने देणारे हे पुस्तक पंचाहत्तर स्त्रियांनी मिळून केले. पहिल्या खर्ड्यात शरीररचना दाखवण्यासाठी उघडी चित्रे काढली होती. खर्डा गावात नेला तेव्हा गावाने हरकत घेतली : आमच्याकडे अशी उघडी बाई कोणी पाहिली आहे? ही चित्रे खरी नाहीत. शिबिरातील बायकांनी यावर जो तोड काढला तो कल्पकतेचा नमुना आहे. चित्रातील बाई पूर्ण पोशाखात दाखवायची, आणि घागऱ्याच्या जागी कागदाची झडप लावायची. झडप उचलली की आतील रचना दिसावी. पुस्तक प्रथम गावांनाच अल्प किमतीत विकले जावे, असाही त्यांचा आग्रह होता.

शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जी आकृती निःशंकपणे वस्तुनिष्ठ मानली जाते, तिला गावाने ‘खोटी’ म्हटले. हे अज्ञान नव्हे. तो वास्तववादाविषयीचा निराळा दावा होता. त्यांच्या अनुभवात शरीर नेहमी वस्त्रासह, नात्यासह, लाजेसह येते. ही लाज पुसून टाकून ज्ञान देता येत नाही. तिच्यातून वाट काढून द्यावे लागते. कागदाची ती झडप म्हणजे ध्वनिसिद्धांताचे जणू मूर्त रूप : अर्थ झाकलेलाही आहे आणि वाचकाच्या बोटाखाली उघडणाराही. येथे सुहृत्संमित उपदेश कान्तासंमिताच्या सीमेवर पोहोचतो. सामूहिक संपादनातून रूपबंधाचा शोध लागू शकतो, हे आधुनिक समीक्षेला सहसा न रुचणारे सत्य हे पुस्तक सिद्ध करते.

6

दिल्लीच्या परिसरात विश्वासाच्या प्रश्नाने याच काळात फार दारुण वळणे घेतली. 1988 च्या पावसाळ्यात यमुनापारच्या पुनर्वसन वसाहतींत पटकी आणि हगवणीची साथ आली. उथळ हातपंपांचे दूषित पाणी हे तिचे मुख्य कारण होते. पाणी उकळून प्या, हा संदेश बरोबर असला तरी ज्यांच्या चुलीला सरपण नाही आणि ज्यांचा पंप महापालिकेने खोल बसवला नाही त्यांना तो निम्मा वाटणे साहजिक होते. संदेशात अर्धेच सत्य असेल तर कलेने ते पुरे करावे की झाकावे, हा प्रश्न अशा वेळी कलावंतासमोर उभा राहतो.

त्या साथीनंतर काही महिन्यांतच, 1 जानेवारी 1989 रोजी, दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादच्या झंडापूर या कामगारवस्तीत जन नाट्य मंचाचे ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना हल्ला झाला. राम बहादुर हा कामगार त्यात मारला गेला आणि सफदर हाश्मी यांचे दुसऱ्या दिवशी निधन झाले. 4 जानेवारीला मोलोयश्री हाश्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागी येऊन तेच नाटक पूर्ण केले. हे नाटक आरोग्याविषयीचे नव्हते; वेतन आणि संघटन हा त्याचा विषय होता. पण लोककलेवरील विश्वासाची चर्चा करताना ही घटना टाळता येत नाही. पथनाट्यात रंगमंच नसतो, पडदा नसतो. नट आणि प्रेक्षक यांच्यात फक्त एका वर्तुळाचे अंतर असते. त्या वर्तुळात उभे राहणाऱ्याने श्रोत्यांची जोखीम वाटून घेतली आहे, हे गृहीत असते. 4 जानेवारीला ते गृहीतक सिद्ध झाले. परत येणे हीच सुहृदाची खूण. साथ ओसरल्यावर, योजनेचे वर्ष संपल्यावर, जो गावात पुन्हा येत नाही त्याचा पोवाडा कितीही सुरेल असला तरी तो पाहुण्याचाच राहतो.

पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत या साऱ्याचा जणू उलट दिशेने पडताळा आला. 2 ऑक्टोबर 1994 रोजी दिल्लीत पल्स पोलिओची सुरुवात झाली. 2002 मध्ये देशात पोलिओचे 1600 रुग्ण आढळले, त्यांतील 1242 एकट्या उत्तर प्रदेशात. त्या राज्याच्या पश्चिम भागात, दिल्लीच्या उंबरठ्यापर्यंत, थेंबांमुळे मुले निपुत्रिक होतील अशी अफवा होती. तिच्या मुळाशी आणीबाणीतील नसबंदीची आठवण नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. पंचवीस वर्षांपूर्वी गमावलेल्या विश्वासाचे व्याज पुढची पिढी फेडत होती. मग मोहिमेची भाषा बदलली. वस्तीतील स्त्रियाच घरोघर जाऊ लागल्या, मशिदींतून आवाहने झाली, जामिया मिल्लिया इस्लामियासारख्या संस्थांनी साहाय्य केले, आणि गल्लीतील मुलांच्या ‘बुलावा टोळ्या’ घोषणा देत, गात, इतर मुलांना बोलावून आणू लागल्या. 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि 27 मार्च 2014 रोजी दिल्लीत भारतासह दक्षिणपूर्व आशिया क्षेत्र पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. हे यश गाण्यांचे नव्हे. लस, शीतसाखळी आणि अथक परिश्रम यांचे आहे. पण बंद दार उघडले ते ओळखीच्या आवाजाने. मुलांच्या त्या घोषणांना कोणी कविता म्हणणार नाही. तरी लयबद्ध शब्दाने सामाजिक नात्यात केलेले कार्य म्हणून त्यांची नोंद व्हायला हवी. ज्या मराठीत रोगालाही ‘देवी’ म्हणतात आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ म्हणतात, तिला हे समजणे अवघड जाऊ नये. नवे शास्त्र जुन्या श्रद्धेच्या शब्दात वस्तीला आले, आणि 1975 नंतर रोग गेला तरी शब्द राहिला.

7

या विवेचनाच्या अखेरीस एका विरोधाभासाकडे पाहणे आवश्यक आहे. 2000 मध्ये महाराष्ट्र शासनाने, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावांमध्ये स्पर्धा लागल्या, श्रमदान झाले, बक्षिसे मिळाली. 2003 मध्ये केंद्राने निर्मल ग्राम पुरस्काराची योजना आणली आणि 2 ऑक्टोबर 2014 रोजी दिल्लीतून स्वच्छ भारत अभियानाचा आरंभ झाला. खराटा अशा रीतीने वऱ्हाडातून राजधानीत पोहोचला. त्याचा उपहास करणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. अभियानाच्या निमित्ताने अनेक गावांनी आपले रस्ते आणि गटारे स्वतः सुधारली. तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहायचे ते हे, की प्रवासात रूपबंधाचे काय झाले. गाडगेबाबांच्या कीर्तनात प्रश्न होता. अभियानात गुणपत्रिका आली. तेथे झाडणारा अनोळखी होता. येथे झाडणाऱ्याचे छायाचित्र निघते. तेथे उत्तर श्रोत्यांनी द्यायचे होते, येथे परीक्षकांनी. सुहृदाचे नाव ठेवून प्रभूचा आवाज परतला, असे निदान काही ठिकाणी तरी म्हणावे लागते. 2017 मध्ये गीत व नाटक विभागही अन्य प्रसिद्धी विभागांत विलीन झाला. त्या विभागाने त्रेसष्ट वर्षांत किती कलावंतांना पोसले आणि किती रूपबंधांचे कणे मोडले, याचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे.

तो लिहिताना मराठी समीक्षेला आपली जुनी परिमाणे पुरणार नाहीत. ‘कला की प्रचार’ हा प्रश्न येथे निरुपयोगी आहे, कारण गाडगेबाबांचे कीर्तन, आंबेडकरी जलसा आणि कागदी झडपेचे ते पुस्तक ही तिन्ही उघडपणे प्रचारार्थ आहेत आणि तिन्हींत रूपाचा खरा शोध आहे. अधिक फलदायी प्रश्न वेगळे आहेत. रचनेत प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर कोणाला देता येते? श्रोत्याच्या हरकतीमुळे संहिता बदलू शकते का? उपदेश करणाऱ्याने श्रोत्यांची कोणती जोखीम आपल्या अंगावर घेतली आहे? सांगितलेले सत्य पुरे आहे, की गैरसोयीचा अर्धा भाग वगळलेला आहे? हे प्रश्न नीतिशास्त्राचे वाटतात, पण प्रत्येकाचे उत्तर रचनेतच शोधावे लागते : बतावणीच्या शेवटच्या वाक्यात, सोंगाड्याच्या वाट्याला आलेल्या विनोदात, कीर्तनकाराने घेतलेल्या विरामात.

1954 मध्ये दिल्लीत साहित्य आणि प्रचार यांच्यामध्ये जी भिंत उभी राहिली ती समीक्षेने आपल्या मनातून तरी काढली पाहिजे. साथी पुन्हा येतील. 2020 ने त्याची आठवण करून दिली आहे. त्या वेळी शास्त्र काय सांगावे ते सांगेल. ते कोणाच्या तोंडून, कोणत्या रूपात सांगितले म्हणजे माणसे दार उघडतील, याचे ज्ञान मात्र लोककलांच्या या दीर्घ परंपरेत साठलेले आहे, आणि ते उकलून दाखवणे हे समीक्षेचे काम आहे.